लायसन आधी की नोकरी आधी: परदेशात उडायच्या वाटा, सीमाभागातून पाहिलेल्या

निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातून वैमानिक होणारी मुलंमुली आता नवलाची राहिलेली नाहीत. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर आपलं बेळगावचं सांबराही होतं. तरीही या भागातले बरेच जण शिकायला बाहेरच गेले. कुणी अमेरिकेत, कुणी दक्षिण आफ्रिकेत, कुणी न्यूझीलंड किंवा फिलिपिन्सला. घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढलेलं असतं, परत येऊन इथलं लायसन घेतलेलं असतं, आणि मग एक दिवस फोन येतो, "दादा, पुन्हा बाहेर जायचं तर सुरुवात कुठनं करू?"

मी स्वतः अमेरिकेत शिकलो, परत येऊन इथल्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणून एअरबस उडवली आणि आता आखातातल्या एका कंपनीत आहे. त्यामुळे माझा कल कुठं आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या वाटेनं मी गेलो नाही त्या वाटेनं माझ्या घरातलीच माणसं गेलीत आणि त्यांचं बरं चाललंय. तेव्हा तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवतो. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन, तुमच्या हातात आहे असं धरून चालतो. दोनशे तास, मेडिकल, आरटीआर (विमानातल्या रेडिओचा परवाना), कॉम्प्युटर नंबर (परीक्षेला बसायचा नंबर) हे तुम्हाला माहीत आहेच.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाणावरच्या वैमानिकाचं लायसन, विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशानं दिलेलं तरी हवं किंवा मान्य केलेलं तरी. 'दिलेलं' म्हणजे कन्व्हर्जन, तिथलं नवं लायसन तुमच्या नावावर. 'मान्य केलेलं' म्हणजे व्हॅलिडेशन, तुमचं भारतीय लायसन ठरावीक मुदतीसाठी तिथं चालवून घेणं. कन्व्हर्जन तुमच्या मालकीचं असतं. व्हॅलिडेशन मूळ लायसनाच्या मुदतीपलीकडे जगत नाही, आणि बहुधा ते एका कंपनीपुरतंच असतं. एजंट मंडळी हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात. पैसे भरण्याआधी यातलं नेमकं कोणतं मिळणार आहे हे लेखी विचारा.

पहिली वाट, जिथं शिकलात तिथंच राहायची. अमेरिकेत शिकलेल्यांच्या मनात ती हमखास असते: इन्स्ट्रक्टर व्हायचं, तास जमवायचे, मग एअरलाइन. इथं तुमचा व्हिसा कुठला होता यावर जवळजवळ सगळं ठरतं. माझा एम-१, व्यावसायिक शिक्षणाचा, होता. त्यावर शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने, तेही शिक्षण संपल्यावर, एवढंच प्रात्यक्षिक काम करता येतं. माझा आतेभाऊ एफ-१, म्हणजे कॉलेज-विद्यापीठाच्या शिक्षणाचा व्हिसा, देणाऱ्या शाळेत गेला. अशा शाळा मोजक्याच असतात. त्याला शिक्षणानंतर बारा महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयातच काम करायची परवानगी, मिळालं आणि तो वर्षभर विद्यार्थ्यांना शिकवत उडला. त्या वर्षात त्याच्या लॉगबुकात जेवढी पानं भरली तेवढी, इथं पहिल्या नोकरीची वाट बघत बसलेल्या माझ्या बॅचच्या कुणाचीच भरली नाहीत. त्याचा हातही बसला. तिरक्या वाऱ्यात नवशिक्याच्या चुका सावरता सावरता माणूस जे शिकतो ते दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं शिकता येत असेल असं मला वाटत नाही.

अडचण तेराव्या महिन्यात येते. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर तिथला कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट, सक्तीचं झालं. म्हणजे साधारण १५०० तास. ते ओपीटीच्या एका वर्षात भरणं फार अवघड, आणि भरले तरी पुढं काम करायचा हक्क हवा. तो नसताना घेणारी एअरलाइन मिळणं मला तरी दुर्मीळच दिसलं. आतेभाऊ परत आला. ते तास घेऊन इथं नोकरीला लागला आणि खूश आहे. पण ज्या अर्थानं आपण 'बाहेर नोकरी' म्हणतो ती त्याला तिथं मिळाली नाही. दुसरं म्हणजे हे तास एका इंजिनाच्या पिस्टन विमानावरचे. आखातातल्या मोठ्या कंपन्या अर्ज चाळताना मल्टी-क्रू, म्हणजे दोघांनी मिळून उडवायच्या, जेटचे तास बघतात, तिथं हे तास कमी भरतात.

अमेरिकेत शिकून आलेल्यांसाठी जाता जाता एक. एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, सर्टिफिकेटला मुदत नसते, म्हणून ते कपाटात पडून राहतं. पण आता ज्यांचा नोंदलेला पत्ता अमेरिकेबाहेरचा आहे त्यांना एफएएची पत्रं त्यांच्या वतीनं घेणारा तिथला एक एजंट नेमावा लागतो, आणि ७ जुलै २०२५ पासून तो नेमल्याशिवाय सर्टिफिकेट वापरता येत नाही. निपाणीचा पत्ता दिलेला असेल तर हे करून टाका.

दुसरी वाट, आधी लायसन. म्हणजे स्वतःच्या खर्चानं युरोपचं किंवा ब्रिटनचं लायसन काढायचं आणि मग नोकरी शोधायची. हिची ओढ मला समजते, कारण मलाही होती. ईएएसएचं, म्हणजे युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेच्या नियमांचं, लायसन हातात असलं की जगात कुठंही वजन पडतं असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. अभ्यास खरा आहे. एटीपीएलचे (एअरलाइन वैमानिकाच्या सगळ्यांत वरच्या लायसनाचे) १३ पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, पहिल्या प्रयत्नापासून १८ महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत, आणि एका पेपरला चारच संधी. सगळे सुटले की ३६ महिन्यांच्या आत त्यांच्या जोरावर सीपीएल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडायची पात्रता) काढायचं. त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातलं मेडिकल वेगळं, स्किल टेस्ट वेगळी. ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० नंतर या व्यवस्थेतून बाहेर पडलं, त्यामुळे एकेकाळी एका लायसनात भागणाऱ्या ठिकाणी आता दोन लागतात.

भारतीय एटीपीएलच्या परीक्षा आणि या परीक्षा यांत डावं-उजवं मी करणार नाही. एवढं खरं की त्या तेरा विषयांच्या निमित्तानं मी जे वाचलं, त्याचा सिममध्ये (विमानाच्या सिम्युलेटरमध्ये) आजही उपयोग होतो. परफॉर्मन्स आणि हवामान हे दोन विषय तर मला त्या पुस्तकांतूनच नीट उमगले.

पण लायसन म्हणजे उडायची परवानगी. तिथं राहायची, कमवायची परवानगी वेगळीच. युरोपातल्या कंपन्यांच्या जाहिरातीत पात्रतेच्या यादीत एक ओळ असते, युरोपीय संघात राहण्याचा आणि काम करण्याचा निर्बंध नसलेला हक्क हवा. अपवाद असतीलही. पण कर्ज काढून, तेरा पेपर देऊन, त्या एका ओळीपाशी अडकलेली आपल्याकडची पोरं मी पाहिलीत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्या हुशारीत किंवा कष्टात काही कमी नव्हतं. ती ओळ त्यांना कुणी आधी दाखवली नाही.

तिसरी वाट, आधी नोकरी. परत यायचं, भारतीय लायसन घ्यायचं, इथल्या एअरलाइनमध्ये जेटवर तास जमवायचे, १५०० झाले की एटीपीएल करायचं, आणि मग ज्या परदेशी कंपनीला माणूस हवाय तिच्या हातानं बाहेर पडायचं. व्हिसा कंपनी काढते, व्हॅलिडेशन किंवा कन्व्हर्जनची फाईल तीच चालवते, तिथल्या हवाई कायद्याची परीक्षा, सिमची तपासणी, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं शिक्षण) हे सगळं पगारावर असताना होतं. ही वाट लांबची आहे. तिशीच्या आत-बाहेर होईपर्यंत इथंच राहावं लागतं. ज्यांना लगेच निघायचंय त्यांना ती खेकड्यासारखी आडवी चालल्यासारखी वाटते. मलाही वाटत होती.

आता ज्या गोष्टीनं माझं ठरलं ती सांगतो. पैसा नाही, पगार नाही, विमानही नाही. नाव.

मी निपाणीजवळच्या गावचा. दहावी इकडं, कर्नाटक बोर्डाची. अकरावी-बारावी कोल्हापूरला, महाराष्ट्र बोर्डाची. सीमाभागातल्या निम्म्या घरांत हे असंच आहे, ज्या बाजूचं कॉलेज जवळ त्या बाजूला पोरं जातात. दहावीच्या मार्क्स कार्डावर माझं नाव, मग वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, मग आडनाव. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं पूर्ण नाव, तेही आपल्याकडं शाळेत घालतात तसं 'बाळासो'. पासपोर्टवर 'बाळासाहेब', कारण वडिलांच्या स्वतःच्या कागदांवर तसं आहे. अमेरिकेतलं सर्टिफिकेट पासपोर्टप्रमाणे निघालं, इथलं लायसन शाळेच्या कागदाप्रमाणे. जन्मस्थळ काही कागदांवर 'बेळगाम', काहींवर 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचं नाव बदललं आणि जुने कागद जुनेच राहिले. इथं यातल्या कशानंच कधी काही अडलं नाही. बँकेत, कॉलेजात, तलाठ्याकडं, सगळ्यांना ठाऊक की माणूस एकच आहे.

परदेशी प्राधिकरणाला ठाऊक नसतं. तुमचं लायसन खरं आहे का हे ते तुम्हाला विचारत नाही, ज्या देशानं दिलं त्याला थेट विचारतं. तिकडून पडताळणीचं पत्र थेट त्यांच्याकडं जातं. त्या पत्रावरचं नाव आणि तुमच्या पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं तर फाईल पुढं, नाहीतर परत. ही कडक तपासणी योग्यच आहे, असं मी म्हणेन. २०११ मध्ये आपल्याकडं खोट्या गुणपत्रिकांवर लायसन घेतल्याची प्रकरणं निघाली. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांच्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांची लायसनं संशयास्पद आहेत, आणि त्यानंतर कितीतरी देशांनी पाकिस्तानी लायसनावर उडणाऱ्यांना घरी बसवलं. त्यांत खरे मेहनतीनं शिकलेलेही होते. तेव्हा पडताळणी हवीच. प्रश्न एवढाच की ती चालू असताना तुमच्या बाजूनं उभं कोण आहे.

मी दोन्ही फायली एकाच काळात उघडल्या होत्या. एका परदेशी प्राधिकरणाकडं स्वतःच्या जबाबदारीवर कन्व्हर्जनची, आणि आखातातल्या कंपनीकडं नोकरीची. तोच माणूस, तेच कागद, त्यामुळे तुलना आपोआप झाली.

पहिल्या ठिकाणाहून पत्र आलं: लायसनावरची आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्या. मी बेळगावला कोर्टाच्या आवारात नोटरीकडं गेलो. त्यांनी टेबलावर चारही कागद एकाखाली एक ठेवले, पेनाच्या टोकानं प्रत्येक नावाखालून हळूहळू गेले, आणि वडिलांच्या नावापाशी थांबून विचारलं, "हे 'सो' म्हणजे साहेबच की? तुम्हाला आणि मला कळतंय हो, पण त्या लोकांसाठी फोडून लिवू या." मग प्रत्येक कागदावर नाव कसं आहे ते वेगळ्या ओळीत, आणि शेवटी ही सगळी नावं माझीच. काम त्यांनी इतकं नीट केलं की मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, हवं होतं. मग दहावीच्या कागदाला कर्नाटकाची साक्ष, म्हणजे बेंगळूरू. बारावीच्या कागदाला महाराष्ट्राची, म्हणजे मुंबई. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला कानडीत, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. हे सगळं गेल्यावर पुढची विचारणा जन्मस्थळावर आली, हे दोन वेगळे गाव आहेत का?

प्रत्येक फेरीला आठवडे जात होते, आणि तेवढ्यात दुसरीकडं घड्याळं चालू होती. मेडिकलचं, परीक्षांच्या मुदतीचं, इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेतल्या लेव्हलचं. ई-मेलला उत्तर येई ते ठरावीक साच्यातलं, आणि खाली कुणाचं नाव नसे. माझ्या फाईलवर कुठला माणूस बसलाय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या वडिलांना रोज संध्याकाळी एकच विचारायची सवय लागली होती, "आलं काय रे काही?" त्या प्रश्नाला रोज नाही म्हणणं मला पेपर देण्यापेक्षा जड गेलं.

कंपनीच्या फाईलवर तोच मुद्दा निघाला. निघणारच होता. फरक असा की तिथं लायसनिंग विभागात एक बाई होत्या, केरळच्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझा पासपोर्ट कॅमेऱ्यापुढं धरायला लावला, शेवटच्या पानावरचं वडिलांचं नाव वाचून घेतलं, पिवळ्या हायलायटरनं स्वतःच्या प्रतीवर खूण केली आणि म्हणाल्या, दक्षिणेतल्या निम्म्या वैमानिकांचं असंच असतं, कंपनीचं पत्र जोडते, तुम्ही ते प्रतिज्ञापत्र तेवढं पाठवा. नोटरीनं केलेलं तेच प्रतिज्ञापत्र तिथं चाललं. तो देश अपोस्टिल मानणाऱ्यांत नसल्यानं वकिलातीचा शिक्का लागला, पण कुठं जायचं, कुठल्या क्रमानं जायचं हे त्यांनीच लिहून दिलं. फाईल अडली तेव्हाही त्या विभागातला कुणीतरी उठून प्राधिकरणाच्या खिडकीवर गेला. माझ्या वतीनं.

एकट्या माणसाच्या एका अनुभवावरून नियम काढू नये, मान्य. तुमची सगळी कागदपत्रं एकाच राज्यातली, एकाच नावाची असतील तर ही अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. पण सीमाभागातल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही असं मला ठामपणे वाटतं. आणि नावाची कटकट लायसनापुरती थांबत नाही. इकडच्या पद्धतीनं पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असलेले बरेच आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर अशांच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन आणि भेटीच्या व्हिसाला नकार द्यायला सुरुवात केली. मुलाखतीला, सिम तपासणीला जाताना आधी तोच व्हिसा लागतो.

आता तिसऱ्या वाटेचे काटे, कारण ते लपवले तर ही तुलना राहणार नाही.

पहिला काटा नोटिशीचा. २०१७ च्या नियमाप्रमाणे भारतात को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते, आणि आधीच्या कंपनीच्या एनओसीशिवाय पुढं सरकता येत नाही. परदेशी कंपनी सहा महिने थांबते, वर्षभर थांबायला खळखळ करते. म्हणून कमांड, म्हणजे कॅप्टनपद, हाती यायच्या आधी जायचं की कमांड घेऊन जायचं, हा निर्णय इथंच घ्यावा लागतो. मी आधी गेलो. त्यामुळे डावी खुर्ची मला उशिरा मिळेल, आणि माझ्याबरोबरचे इथं राहिलेले आज कॅप्टन आहेत. हे मी रोज बघतो आणि तरीही पुन्हा तसंच करेन. माझ्या ओळखीचे कॅप्टन होऊन गेलेले मात्र म्हणतात, घाई नको करू म्हणून सांग पोरांना. त्यांचंही ऐका.

दुसरा, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. इथं टाइप रेटिंगचा (एका जातीचं विमान उडवायच्या पात्रतेचा), तिथं ट्रेनिंगचा. पहिला फिटायच्या आत दुसऱ्यावर सही करायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरा काटा सगळ्यांत टोकदार. व्हॅलिडेशनवर असाल तर नोकरी गेली की उडायचा हक्कही गेला. २०२० मध्ये जगभर परदेशी वैमानिकांवर ती वेळ आली. ज्यांनी भारतीय लायसन जिवंत ठेवलं होतं ते परत येऊन उभे राहिले. ज्यांचं मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग निसटलं होतं त्यांना पुन्हा सगळी चढण चढावी लागली. २०२३ च्या दुरुस्तीनं आपल्या सीपीएल-एटीपीएलची मुदत पाचावरून दहा वर्षं झाली, हे चांगलंच झालं. पण लायसनाच्या पुस्तिकेवरची तारीख आणि प्रत्यक्ष चालू रेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुट्टीवर आलं की भारतीय मेडिकल करून घ्यायचं, हा माझा नेम आहे. गणपतीला घरी यायच्या तारखा मी त्याच्याशी जुळवतो. आणि कंपनी कन्व्हर्जनचा पर्याय देत असेल तर व्हॅलिडेशनवर समाधान मानू नका. वर्ष लागलं तरी तिथलं लायसन आपल्या नावावर करून घ्या. दुसऱ्या वाटेवर जे मिळणार होतं ते इथं पगार चालू असताना मिळतं.

चौथा, कर. तिथं आयकर नाही म्हणून इथंही नाही, असं सरसकट धरू नका. भारतात १८२ दिवसांहून कमी राहिलं की अनिवासी, हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. पण २०२० च्या वित्त कायद्यानंतर, ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्यांना १२० दिवसांचा निकष लागू शकतो, आणि दुसऱ्या कुठल्या देशात कर भरायची जबाबदारीच नसेल तर ते निवासीही मानले जाऊ शकतात. गावाकडं भाड्याचे गाळे किंवा कारखान्याचे शेअर असलेल्यांनी सीएला एकदा विचारावं.

व्हिएतनाम आणि आसपासच्या देशांतल्या एजन्सीमार्फतच्या कंत्राटांबद्दल थोडक्यात. काही आठवडे काम, काही आठवडे घर, असा रोस्टर तिथं मिळू शकतो. ज्यांचे आईवडील एकटे आहेत त्यांना तो फार मोलाचा. टाइप रेटिंग आणि तास असतील तर पटकन काम होतं. पण तुमचा करार एजन्सीशी, विमान कंपनीचं, आणि पडझड झाली की पहिला हात कंत्राटी माणसावर पडतो. तरुणपणी, कर्ज अंगावर असताना मी ते करणार नाही. पन्नाशीच्या कॅप्टनला कदाचित तेच सगळ्यांत सुखाचं असेल.

तर कुणी कुठल्या वाटेनं जावं? अजून शिकायला जायचंय आणि घरी बारा महिने जास्तीचे पेलण्याएवढी ऐपत आहे, तर एफ-१ देणारी शाळा शोधा. शिकवण्याचं ते एक वर्ष कुठल्याही वाटेवर वाया जात नाही. जोडीदार युरोपीय नागरिक असेल, किंवा तिथं राहण्याचा-कामाचा हक्क दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळत असेल, तर दुसरी वाट बिनदिक्कत धरा. ते लायसन माझ्या लायसनाहून जास्त दारं उघडेल, यात शंका नाही. माझी चुलत बहीण त्याच वाटेवर आहे. तिच्या पेपरांच्या वेळी मी तिला नोट्स पाठवत असतो आणि ती नक्की पुढं जाईल याची मला खात्री आहे. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांच्याकडं भारतीय पासपोर्ट, भारतीय लायसन आणि दोन राज्यांत विखुरलेले कागद आहेत त्यांना, मी इथंच जेटवर तास भरा आणि कंपनीचा हात धरून बाहेर पडा असंच सांगेन.

वाट कुठलीही असो, अर्ज टाकायच्या आधी या क्रमानं कामं उरका. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेले आहेत का बघा. नसतील तर हुबळीच्या किंवा जवळच्या सेवा केंद्रात नवा पासपोर्ट काढा, बाकी काही करायच्या आत. मग लायसनावरचं नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करायला टाका. याला वेळ लागतो, म्हणून नोकरीत असतानाच, गरज नसतानाच. ई-लॉगबुकातले तास आणि कागदी लॉगबुकातले तास एकदा बसून ताडून बघा. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करा, त्यात प्रत्येक कागदावरचं नाव आणि जन्मस्थळ वेगळ्या ओळीत लिहा, 'बेळगाम' आणि 'बेळगावी' हा एकच जिल्हा असल्याचं वाक्य त्यातच घाला, आणि मूळ प्रती चार तरी करून घ्या, कारण प्रत्येक कार्यालय मूळ प्रत ठेवून घेतं.